मागितल्याशिवाय न मिळणारा इलाज

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कुर्त्याची कड वर धरली, कमरेवर टॉर्चचा झोत टाकला आणि पाच सेकंदांत म्हणाल्या, "आंटी, धिस इज शिंगल्स." मग हातमोजे काढता काढता त्यांनी अगदी सहज विचारलं, "घरी कोणी प्रेग्नंट आहे का?"

पहिल्या वाक्याने मला काही झालं नाही. दुसरं ऐकल्यावर मात्र मी खुर्चीत बसलेली असूनही खुर्ची चाचपली.

बाहेर वेटिंग रूममध्ये माझी सून केतकी बसली होती, सहा महिन्यांची गरोदर. मला एकटीला पाठवायला नको म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. आणि दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी संध्याकाळी, याच कमरेला तिने स्वतःच्या हाताने खोबरेल तेल चोळलं होतं.

शिंगल्स म्हणजे आपली नागीण. डॉक्टरी नाव हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मणक्याशेजारी मज्जातंतूंच्या मुळाशी तो झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. नागिणीमुळे दुसऱ्याला नागीण होत नाही. पण तिच्या फोडांतलं पाणी कधीच कांजिण्या न झालेल्या माणसाला लागलं, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणी त्या झाल्या तर आईच्या फुप्फुसांना धोका असतो आणि बाळाचीही काळजी असते.

हे मला डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती. मी सांगलीच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलंय. हाच विषाणू फळ्यावर काढून दाखवलाय, रंगीत खडूंनी.

मग आठवडाभर मी काय करत होते? लपवत होते.

गुरुवारी उजव्या कुशीत आग सुरू झाली. सिंगापुरात मरीन परेडला आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो. तिथे काहीतरी लचकलं असणार, असं मी ठरवून टाकलं. रविवारी पुरळ उठलं. सिंगापूरचा उकाडा, घामोळंच असणार, असंही ठरवलं. सोमवारी कुशीवर वळता येईना, तेव्हा केतकीने तेलाची वाटी आणली. खोलीत उजेड कमी होता. "आई, इथे काहीतरी खरखरीत लागतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "घामोळं गं. चोळ तू."

चोळ तू! गर्भार सुनेला!

तुमच्यापैकी कुणाला एका बाजूला, पट्ट्यासारखी, कपडा टेकला तरी सहन होत नाही अशी आग होत असेल, तर पुरळ उठायची वाट पाहू नका. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत अँटीव्हायरल गोळ्या, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्या तर उत्तम. मी चौथ्या दिवशी गेले. नवे फोड अजून येत होते म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा, सात दिवस. देताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडलेय.

केतकीचं रक्त त्याच दुपारी घेतलं. तिच्या अंगात कांजिण्यांविरुद्धच्या अँटीबॉडीज, म्हणजे संरक्षण देणारी प्रथिनं, आहेत की नाहीत हे त्यातून कळणार होतं. अहवाल शुक्रवारी. टॅक्सीतूनच तिने नाशिकला आपल्या आईला फोन लावला.

"मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं?"

"झालं होतं काहीतरी," विहीणबाई म्हणाल्या. "गोवर असेल. की तो तुझ्या भावाला, संदीपला झाला होता? थांब, बाबांना विचारते."

बाबांना माहीत असतं तर काय हवं होतं! केतकीने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्याकडे चोरून बघत होते, आणि टॅक्सी प्रत्येक सिग्नलला थांबत होती.

निरंजन, माझा मुलगा, संध्याकाळी ऑफिसातून आला तो धडाधडा बोलला. "आई, तू जीवशास्त्र शिकवायचीस ना? मग?" पोटच्या पोराचं बोलणं अंगाला लागत नाही. सून गप्प होती, ते लागत होतं.

घर दोन खोल्यांचं, बाथरूम एक. खपल्या धरेपर्यंत मी कुठे राहायचं, हा प्रश्न नोराने सोडवला. नोरा सातव्या मजल्यावर राहते. माझ्याच वयाची, आयर्लंडची. तिकडे एका जिल्हा रुग्णालयात चाळीस वर्षं नर्स होती, आता इथे लेकीकडे असते. लेक निम्मा महिना परदेशी. व्यायामाच्या वर्गात आमची ओळख झाली ती एका कारणाने: शिक्षिका पाठमोरी झाली की आम्ही दोघीही हात हलवायच्या थांबायचो. नोराने निरंजनला ऐकवलं, "मला सहाव्या वर्षी कांजिण्या झाल्यात, माझ्या नाकावर अजून वण आहे. तिला वर पाठव." त्या रात्री मी पिशवी घेऊन सातव्या मजल्यावर गेले.

माझी नात इरा, सात वर्षांची, लिफ्टपाशी लांबून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, यू गॉट स्नेक ऑन यू? शो मी, लाह!"

आता एक कबुली. आपल्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो. हे खोटं आहे. मज्जातंतू मणक्यातून निघून एकाच बाजूला पसरतो, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबतं. मला हे पाठ आहे. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोराच्या बाथरूममध्ये एक आरसा भिंतीला आणि एक हातात असं करून बेंबीपासून अंतर बघत होते. दार नीट लागलं नव्हतं. नोरा चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"किती उरलंय?" तिने विचारलं.

मी चमकले. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडेही तेच म्हणतात. कडं पूर्ण झालं की पाद्र्याला बोलवा." तिने कप ठेवला, चष्मा लावला आणि गंभीरपणे वाकून बघितलं. "चार बोटं. जगशील."

जगाच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या एकच भीती घेऊन मोठ्या झालेल्या! मी हसले, आणि हसल्याने कमरेत सुरी फिरली.

त्याच दुपारी नोराने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की तिच्या वडिलांकडे 'द क्युअर' होता. आयर्लंडमध्ये, विशेषतः खेड्यांत, ठरावीक घराण्यांकडे ठरावीक आजाराचा इलाज असतो म्हणे. कुणाकडे भाजल्याचा, कुणाकडे गजकर्णाचा, तिच्या घराण्याकडे नागिणीचा. तो बापाकडून मुलीला, मुलीकडून मुलाला असा जातो. त्यात औषध नाही. अंगठा पुरळाभोवती फिरवायचा, फोडांना न लावता, आणि मनात काही शब्द म्हणायचे. "आमच्या वॉर्डात भाजलेला माणूस आला की सिस्टर त्याला सलाईन लावायची आणि मग हळूच फोन करून गावातल्या शेतकऱ्याला बोलवायची. त्याचा नंबर औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून लिहिलेला असायचा. तो आला की डॉक्टरांना नेमकं खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं."

एवढं सांगून ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "हो का?" आणि मीही थांबले.

मला वाटलं, असं काही असेल तर ती करेलच की. आपण कसं मागायचं? आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलं: दुसऱ्याच्या घरी मागायचं नाही. भूक लागली तरी 'नको, आत्ताच झालंय' म्हणायचं. शुक्रवार उजाडला. नोराने पुन्हा वडिलांचा विषय काढला. लोक सायकलवरून, ट्रॅक्टरवरून त्यांच्याकडे यायचे. ते पहिला प्रश्न विचारायचे, डॉक्टरकडे गेलात का? नसेल गेला तर परत पाठवायचे. मी म्हटलं, "शहाणा माणूस." ती सोफ्यावर चुळबुळत होती, मी खुर्चीत. मला वाटलं, माझ्या खाज सुटलेल्या अंगाकडे बघून हिलाही सुटली.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. आवाज सपाट. "आई, रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

निगेटिव्ह म्हटल्यावर क्षणभर मला बरं वाटलं, बघा! आयुष्यभर तो शब्द चांगलाच वाटत आलाय. पण इथे निगेटिव्ह म्हणजे अँटीबॉडीज नाहीत. म्हणजे तिला कांजिण्या कधी झाल्याच नव्हत्या. तिला संरक्षण नव्हतं, आणि तिच्या बोटांना माझ्या फोडांचं पाणी लागलं होतं.

शनिवारी तिला हॉस्पिटलमध्ये इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं. म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडीज. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत ते देता येतं, आम्ही पाचव्या दिवशी पोचलो. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलं, "याने धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. आणि इंजेक्शनमुळे आजार उशिरा उमटू शकतो. संपर्कापासून अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवा. ताप किंवा पुरळ आलं तर आधी फोन करा, थेट वेटिंग रूममध्ये येऊ नका. तिथे इतरही गरोदर बायका असतात."

अठ्ठावीस दिवस. आणि मी दोन मजले वर, कुणाच्या काही कामाची नाही.

त्या रविवारी मला एका जागी बसवेना. बाल्कनीत जा, आत ये, समुद्रातली जहाजं मोज, विसर, पुन्हा मोज. शेवटी नोराने हातातलं विणकाम आपटलं.

"अगं बाई, विचार ना एकदाचं!"

"काय विचारू?"

"इलाज! मला तो स्वतःहून देता येत नाही. मागावा लागतो, असा नियम आहे. तीन दिवस मी सूचना करून करून थकले, आणि तू आपली 'हो का, हो का'!"

म्हणजे ती मागण्याची वाट बघत होती आणि मी देण्याची. दोघी आपापल्या रीतीला धरून बसलो होतो.

"तुझा विश्वास आहे त्याच्यावर?" मी विचारलं.

"मी नर्स आहे. माझा गोळीवर विश्वास आहे. आठ वाजता घेतलीस का?"

"घेतली."

"मग माग."

आणि इथे मला सांगलीची ती सुधा, म्हणजे तरुणपणची मीच, आठवली. वय सव्वीस, जीवशास्त्राची पदवी गळ्यात दागिन्यासारखी घालून फिरणारी. सासूबाईंना नागीण झाली तेव्हा त्यांनी कुंभारवाड्यातून सोनाबाईला बोलावणं धाडलं. सोनाबाई गेरू लावायची, नागिणीच्या तोंडाला आणि शेपटीला रेघ ओढायची, दोन शब्द पुटपुटायची आणि घोटभर पाणीही न घेता निघून जायची. आमची विदुषी दारात आडवी उभी राहिली. सोनाबाईला मज्जातंतू समजावले! ती बिचारी म्हणाली, "व्हय बाई," आणि गेली. मग विदुषी आत येऊन सासूबाईंना म्हणाली, "आई, विषाणूला गेरू कळत नाही."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "मला कळतो ना."

विदुषीला वाटलं, आपण जिंकलो. तेव्हा गावात त्यांच्यासाठी नागिणीवर कुठलं औषधही नव्हतं. म्हणजे मी नुसतं काढून घेतलं, जागी काहीच ठेवलं नाही. ताटसुद्धा दारातून सरकवत होते, विज्ञान जपत. स्वतःला कांजिण्या झालेल्या होत्या, मला काडीचा धोका नव्हता, तरी! महिनाभर त्यांच्या पाठीला माणसाचा हात लागला नाही. खपल्या पडून गेल्यावरही त्या वर्षभर कण्हत राहिल्या. त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, मज्जातंतूला इजा झाल्याने मागे राहणारं दुखणं. गेरूने ते थांबलं नसतं. पण मी दार अडवलं नसतं तर त्यांना एकटं वाटलं नसतं, एवढं मला आता कळतं. पंचेचाळीस वर्षं लागली. हुशार मुलगी!

"नोरा," मी म्हटलं, "माझ्यावर इलाज करशील का?" तोंडातून शब्द काढताना नव्या नवरीसारखी लाजले.

"सोमवार, गुरुवार, सोमवार," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव. आभार मानायचे नाहीत. काही द्यायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला कुशीवर निजवलं. अंगठा फोडांपासून बोटभर लांब ठेवून हळूहळू फिरवला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाचेक मिनिटं. दुखणं काही गेलं नाही. पण पाच मिनिटं मी चुळबुळ केली नाही, आणि त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच घडलं होतं. तिने हात काढला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "थँक यू."

नोराने डोळे मिटले. "माझ्या वडिलांनी तुला हाकललं असतं."

"चुकलं गं!"

"नशीब, डाव्या कानात बोललीस. तो निकामी आहे."

दोन्ही कान धडधाकट आहेत तिचे.

गुरुवारी आभार निसटू नयेत म्हणून मी ओढणीचं टोक दातात धरलं. त्याच दिवशी खपल्या धरल्या आणि मी खाली घरी आले. तिसऱ्या वेळेला घरूनच वर गेले, रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. नोराने झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि डबा परत दिला. "हा मोबदला झाला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने आण. कारण नीट शोध, मला लाडू हवेत."

तुम्ही विचाराल, मी बरी कशाने झाले? गोळ्यांनी आणि दिवसांनी. यात शंका ठेवू नका आणि गोळी चुकवू नका. पण माझ्याजवळ बसून कुणीतरी पाच मिनिटं फक्त माझ्या दुखण्याकडे बघितलं, त्याचं नाव कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते डॉक्टरांकडे मागायचं नसतं. पण घरात कुणाकडे तरी मागावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

खाली वेगळाच खेळ चालला होता. केतकी रोज सकाळी अंघोळीनंतर आरशासमोर उभी राहून मान, हात, पोट तपासायची. मी दारातून बघायची. ती "काही नाही" एवढंच म्हणायची आणि ऑफिसला जायची. मग मी दिवसभर तिच्या फोनची वाट बघायची. "आई, तुमचं दुखतंय का?" ती संध्याकाळी विचारायची. मी म्हणायची, "छे." रागावली असती तर बरं झालं असतं. एवढी नीट वागत होती की मला धडकी भरायची.

सतराव्या दिवशी तिच्या मानेवर दोन लाल ठिपके दिसले.

तिने फोन केला. हॉस्पिटलने मागच्या दाराने यायला सांगितलं, वेगळ्या खोलीत बसवलं. निरंजन बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून थेट तिकडे पोचला. मी घरी इराला वरणभात भरवत होते. तिने तीनदा सांगितलं, "आजी, यू ऑलरेडी गिव्ह मी." मी रिकाम्या ताटातून घास उचलत होते.

तासाभराने फोन वाजला. "डास आहे, आई," निरंजन म्हणाला. "डास चावलाय."

या बेटावर डास म्हणजे गुन्हा. सरकारी माणसं घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला येतात. त्या डासाला मनोमन ओवाळणारी मी एकटीच असेन. दोन मिनिटांनी डेंग्यू आठवला आणि मी पुन्हा उठून फेऱ्या घालायला लागले.

अठरा, एकोणीस, वीस. चोविसाव्या दिवशी केतकीला शिंका आल्या, मी जेवले नाही. सव्विसाव्याला ती उशिरापर्यंत झोपली, मी तिच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकला. अठ्ठाविसावा दिवस सोमवार होता. तो संपता संपेना.

मंगळवारी सकाळी ती आरशासमोरून बाहेर आली. "काही नाही" म्हणाली नाही. डायनिंग टेबलाची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आई, आता बोलू का?"

"बोल."

"मी तेल लावायच्या आधी तुम्हाला चार दिवस आग होत होती. चार दिवस! मी रोज विचारत होते, काय होतंय, आणि तुम्ही 'काही नाही, काही नाही'. तुम्हाला वाटतं त्रास द्यायचा नाही. त्याचा मला किती त्रास झाला माहितीय? मी रोज रात्री पोटावर हात ठेवून झोपत होते. मला तुमचा राग येत होता, आणि तुम्हाला दुखतंय हे दिसत असताना रागवायचं तरी कसं? आत्तासुद्धा तुम्ही वाकड्या बसलायत. मला दिसत नाही का?"

निरंजन चहाचा कप घेऊन बेडरूममध्ये पळाला. ती बोलत राहिली. विद्यार्थ्यांना मी जेवढं बोलले नसेन तेवढं मला दहा मिनिटांत ऐकवलं. मध्ये रडली, नाक पुसलं, पुन्हा सुरू झाली. मी मान खाली घालून ऐकत होते. छातीवरचा दगड एकेक कपची करून निघत होता.

बोलून झाल्यावर ती दमली. "भूक लागली," म्हणाली.

मी पोहे करायला उठले. टेबलाला हात टेकला आणि कुशीतून ती ओळखीची कळ आली, एकदम, श्वास अडकवणारी. जिभेवर 'काही नाही' तयार होतं.

"केतकी," मी म्हटलं, "दुखतंय गं. खूप दुखतंय."

"बसा," ती म्हणाली, आणि कांदा चिरायला स्वतः उठली.